'वैमानिकाची चूक' : जुन्या द्विपंखी विमानांच्या अवतरणाविषयीच्या निवाड्यांची चिकित्सा

प्रास्ताविक

साताऱ्याहून पुण्याकडे जाताना खंबाटकीच्या बोगद्यानंतर उतारावर येणारे इंग्रजी 'एस' अक्षरासारखे वळण या भागातील वाचकांच्या चांगल्या परिचयाचे आहे. त्या वळणावर वर्षानुवर्षे अपघात होत आले. २०१८ मध्ये मजुरांना घेऊन निघालेले वाहन तेथेच उलटून अनेकांचा बळी गेला. अशा प्रत्येक अपघाताच्या बातमीत एक वाक्य ठरलेले असते : चालकाचे वाहनावरील नियंत्रण सुटले. चालक दरवेळी निराळा, वाहन निराळे, वळण मात्र तेच. तरीही वाक्याचा कर्ता चालकच राहतो.

विमानविद्येच्या इतिहासात या वाक्याला 'वैमानिकाची चूक' असे अधिक प्रतिष्ठित रूप लाभले आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांतील द्विपंखी विमाने, म्हणजे एकावर एक असे दोन पंख असलेली, लाकूड, कापड आणि तारा यांनी बांधलेली विमाने, उतरताना वारंवार मोडत. त्यांचा वृत्तांत लिहिणाऱ्यांनी हा निवाडा फार सहजपणे वापरला. प्रस्तुत लेखात या निवाड्याचीच तपासणी केली आहे. तो तंत्राच्या परीक्षणातून क्वचित निघतो. बहुधा तो परिणामाकडे पाहून दिला जातो, आणि म्हणूनच एकाच प्रकारचे अवतरण एकाच्या वाट्याला सन्मान तर दुसऱ्याच्या वाट्याला दोष आणते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

मराठीत या विषयाकडे पाहण्याची सवय फारशी नाही. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर यान उडविले की नाही, या वादावर आपल्याकडे विपुल शाई खर्च झाली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथातील यानांची तपासणी करून ती उडण्यास असमर्थ असल्याचे दाखविले, तरी तो वाद थांबला नाही. त्या वादात यान किती उंच गेले याची चर्चा होते. ते उतरले कसे, याची चौकशी करावी असे दोन्ही पक्षांना सहसा वाटत नाही. उड्डाणाचे आकर्षण आणि अवतरणाविषयीची अनास्था यांचा हा नमुना बोलका आहे.

अवतरणाचे तंत्र

विमान उतरविणे म्हणजे विमान खाली आणणे नव्हे. ते आपोआपच खाली येते. उतरविणे म्हणजे चाके जमिनीला टेकण्याच्या क्षणी पंखांची उचल संपत आलेली असेल अशी वेळ साधणे. ती आधी संपली तर विमान आदळते. टेकल्यावरही उरली तर ते पुन्हा उसळते.

जुन्या द्विपंखी विमानांत ही वेळ साधणे विशेष अवघड होते, आणि त्याची कारणे विमानाच्या रचनेत होती. दोन पंख, त्यांमधील खांब आणि ताणलेल्या तारा यांमुळे हवेचा रोध फार मोठा असे. थ्रॉटल बंद करताच वेग झपाट्याने ओसरे. त्यामुळे उतरण्याचा मार्ग तीव्र उताराचा ठेवावा लागे आणि जमिनीजवळ येताच नाक वर उचलून तो उतार मोडावा लागे. हे काही हात आधी झाले तर वेग हवेतच संपे. दुसऱ्या बाजूला, जमिनीच्या सान्निध्यात पंखांचा प्रेरित रोध कमी होतो आणि विमान तरंगत पुढे जाऊ पाहते. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या आरंभी गॉटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या वर्तुळातील वीझेल्सबर्गर यांनी या परिणामाचे गणित मांडले. द्विपंखी विमानाचा खालचा पंख जमिनीच्या फार जवळ असल्याने हा तरंगण्याचा भाव त्यात स्पष्ट जाणवे. वेग घटविणारी आणि विमान लांबविणारी अशा दोन विरुद्ध प्रवृत्ती त्याच चारदोन सेकंदांत काम करीत, आणि त्यांचा हिशेब वैमानिकाने डोळ्यांनी व कानांनी करायचा असे. कानांनी हे शब्दशः खरे आहे : पंखांच्या तारांचा सूर उतरू लागला की वेग कमी होत आहे, हे जुने वैमानिक ऐकून ओळखत.

टेकल्यानंतरचा भाग याहून कठीण होता. या विमानांची मुख्य चाके पुढे आणि शेपटाखाली केवळ एक टेकू, म्हणजे स्किड, असे. गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे पडे. बाण उलटा, शेपटाकडून फेकला तर तो हवेत फिरून टोक पुढे आणू पाहतो. त्याचप्रमाणे असे विमान धावताना जरासे तिरके झाले की त्याचा मागचा भार पुढे येऊ पाहतो आणि विमान स्वतःभोवती गरकन फिरते. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. उसळीचे कारणही हेच होते. मुख्य चाके जोराने आदळली की मागचा भार खाली बसतो, नाक वर जाते, पंखांचा हवेशी होणारा कोन वाढतो आणि विमान पुन्हा हवेत जाते, या वेळी पुरेशा वेगाशिवाय. घाबरलेला शिकाऊ वैमानिक अशा वेळी दांडी पुढे ढकलतो आणि दुसरी उसळी पहिलीपेक्षा मोठी होते.

यावर दोन उपाय रूढ झाले. पहिला, मुख्य चाके आणि शेपटाचा टेकू एकाच वेळी टेकविणे, म्हणजे तीन बिंदूंचे अवतरण. यात टेकताना पंख स्टॉल होण्याच्या सीमेवर असतात, म्हणून उसळीला वाव कमी. दुसरा, अधिक वेगाने केवळ मुख्य चाकांवर टेकून शेपूट नंतर खाली येऊ देणे. वारा झोंबरा असेल तेव्हा हा उपयोगी पडतो, कारण सुकाणूची पकड टिकून राहते. कोणता केव्हा वापरावा हे पुस्तकातून पूर्णपणे शिकविता येत नाही.

विमान मोठे असले की या अडचणी केवळ वाढत नाहीत, त्यांचे स्वरूप बदलते. जिप्सी मॉथ या लहान विमानाच्या पंखांचा विस्तार सुमारे ९ मीटर. व्हिकर्स विमी या दोन एंजिनांच्या बॉम्बफेकी विमानाचा २०.७ मीटर. एवढे पंख तिरपे होऊ लागले तर सावरायला वेळ लागतो. चूक दिसल्यावर केलेली दुरुस्ती उशिराची ठरते आणि ती लागू पडेपर्यंत वैमानिक दुसरी दुरुस्ती करून बसतो. लहान विमानात नाक पुढचे दृश्य झाकते; विमीत वैमानिक नाकाजवळ बसत असल्याने समोरचे स्वच्छ दिसते, पण चाके त्याच्या खूप खाली आणि मागे असतात. विमीला ब्रेक नव्हते. वेग ओसरल्यावर सुकाणूची पकड सुटे आणि मग दिशा राखण्यासाठी एका बाजूच्या एंजिनाला क्षणभर जोर देण्यापलीकडे फारसे काही हाती राहत नसे.

एकाच विमानाविषयीचे निवाडे

या पार्श्वभूमीवर विमीचे प्रसिद्ध प्रवास पुन्हा वाचण्यासारखे आहेत.

१५ जून १९१९ रोजी जॉन अल्कॉक आणि आर्थर ब्राउन यांनी अटलांटिक विनाथांबा ओलांडून आयर्लंडमधील क्लिफ्डनजवळ विमान उतरविले. वरून हिरवे कुरण दिसलेली जागा प्रत्यक्षात दलदल होती. जवळच्या बिनतारी केंद्रातील माणसे हात हलवून त्यांना सावध करीत होती. वैमानिकांना ते स्वागत वाटले. विमान चिखलात रुतून नाकावर उभे राहिले. जमिनीची पारख चुकली आणि विमान मोडले, हे या अवतरणाचे तांत्रिक वर्णन आहे. इतिहासाने मात्र त्याला विजयाचे रूप दिले आणि दोघांनाही सरदारकी मिळाली. त्याच वर्षी १८ डिसेंबरला अल्कॉक धुक्यात पॅरिसकडे जाताना फ्रान्समध्ये रूआँजवळ कोसळून मृत्यू पावला. सहा महिन्यांत त्याचे कौशल्य हरपले होते असे मानण्यास आधार नाही.

पुढच्या वर्षी पिएर व्हॅन राइनेव्हेल्ड आणि क्विंटिन ब्रँड यांनी इंग्लंडहून केपटाउनकडे प्रयाण केले. त्यांची पहिली विमी रात्रीच्या प्रवासात रेडिएटर गळू लागल्याने इजिप्तमध्ये कोरोस्को येथे उतरविताना मोडली. तिची एंजिने दुसऱ्या विमीला लावून ते पुढे गेले; ती बुलावायो येथे उड्डाण घेतानाच कोसळली. बुलावायो समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरांहून अधिक उंचीवर आहे. विरळ हवेत पंखांना उचल कमी आणि एंजिनाला जोर कमी, आणि विमान भरलेले. अखेर तिसऱ्या, डी.एच. ९ या लहान विमानाने ते २० मार्च १९२० रोजी केपटाउनला पोहोचले. दोन विमाने मोडूनही दोघांना सरदारकी मिळाली, आणि ती योग्यच होती. प्रश्न एवढाच की, प्रवास बुलावायोलाच संपला असता तर याच दोन अपघातांना कोणते नाव मिळाले असते?

रॉस स्मिथ, त्याचा बंधू कीथ आणि दोन यंत्रज्ञ यांचा १९१९ चा इंग्लंड-ऑस्ट्रेलिया प्रवास या दृष्टीने अधिक उद्बोधक आहे, कारण त्याची वाट कराची, दिल्ली, अलाहाबाद आणि कलकत्ता अशी भारतातून गेली. कलकत्त्याला त्यांनी घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावरून उड्डाण घेतले तेव्हा पक्षी विमानावर आदळले आणि ते थोडक्यात बचावले. सुराबाया येथे नव्याने भर घातलेल्या मैदानात विमी रुतून बसली. तेथील रहिवाशांनी बांबूच्या चटया आणून अंथरल्या आणि त्या चटयांच्या वाटेवरून विमान उडाले. या प्रवासाचे श्रेय चार जणांना दिले जाते. चटया देणाऱ्यांची गणना कोणी केली नाही. परंतु ते नसते तर 'ओल्या मैदानात उतरण्याचा अविचार' असे एक कलम रॉस स्मिथच्या नावावर नक्कीच चढले असते.

भारतीय स्पर्धा आणि दख्खनची हवा

याच मापाने १९३० च्या आगाखान स्पर्धेकडे पाहता येते. इंग्लंड आणि भारत यांमधील अंतर एकट्याने, एका महिन्याच्या आत पार करणाऱ्या पहिल्या भारतीयास ५०० पौंडांचे बक्षीस होते. मनमोहन सिंग, आस्पी इंजिनिअर आणि जे. आर. डी. टाटा हे तिघेही लहान द्विपंखी विमानांतून निघाले. सिंग आस्पींच्या आधी कराचीला पोहोचले, पण वाटेत सक्तीने उतरावे लागल्याने मुदत टळली आणि ते बाद ठरले. बक्षीस सतरा वर्षांच्या आस्पींना मिळाले. उलट दिशेने निघालेल्या जे. आर. डीं.नी इजिप्तमधील अबूकीर येथे अडकलेल्या आस्पींना आपले स्पार्क प्लग दिले, ही कथा चरित्रकार खिलाडूवृत्तीचा दाखला म्हणून सांगतात. ती तशी आहेच. परंतु तिचा दुसराही अर्थ आहे : विजेत्याचा विजय दुसऱ्याच्या सुट्या भागांवर अवलंबून होता आणि पराभूताचा पराभव खालच्या जमिनीवर. सिंग यांच्याविषयी तेव्हा विनोद झाले. त्यांच्याखाली कोणती जमीन आली याची चौकशी विनोदकारांनी केली नाही.

जे. आर. डीं.च्या पुढील कार्यात मात्र या गोष्टीची पुरेशी जाण दिसते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू मैदानावर टपाल आणले. हे विमान पस मॉथ, म्हणजे एकपंखी होते, पण शेपटाच्या टेकूवर उतरणारेच. जुहूचे मैदान समुद्राकाठचे आणि सखल. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई. तेव्हा टाटांची सेवा पुण्याला हलविली जाई. पहिल्या वर्षी या सेवेने १,६०,००० मैल उड्डाण केले आणि १५५ प्रवासी नेले. तिच्या यशाचे श्रेय वैमानिकांच्या धाडसाला दिले जाते. पावसाळ्यात जुहूला उतरायचेच नाही, या निर्णयाला ते फारसे मिळत नाही. त्या निर्णयाने किती 'चुका' घडण्याआधीच नाहीशा झाल्या, हे मोजण्याचे साधन नाही.

सातारा-सांगलीच्या संदर्भात हा विचार नुसता तात्त्विक राहत नाही. कृष्णाकाठचा हा प्रदेश समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे ते सातशे मीटर उंचीवर आहे. सहाशे मीटर उंची आणि ३८ अंश सेल्सिअस तापमान धरले तर हवेची घनता समुद्रसपाटीवरील प्रमाण हवेपेक्षा सुमारे १४ टक्क्यांनी कमी भरते. वेगमापकावर तोच आकडा दिसत असताना विमानाचा जमिनीवरील वेग सात ते आठ टक्क्यांनी अधिक असतो, आणि थांबविण्याची ऊर्जा सुमारे १६ टक्क्यांनी अधिक. केवळ डोळ्यांवर विसंबणाऱ्याला जमीन वेगाने मागे जाताना दिसते, आपण फार वेगात आहोत असे वाटते, तो नाक उचलतो आणि विमान उंचीवरच स्टॉल होते. थंड हवेच्या इंग्लंडमध्ये शिकलेल्या वैमानिकाला चैत्र-वैशाखातील माणदेशात ही 'चूक' करण्यासाठी निष्काळजी असण्याची गरज नाही. नीट शिकलेला असणे पुरेसे आहे.

वाऱ्याचेही तसेच. चाळकेवाडी-वनकुसवडेच्या पठारांवर ज्या वाऱ्याच्या भरवशावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, तो पाखाच्या आडून झोत मारीत खाली येतो. हलक्या, मोठ्या पंखांच्या विमानाला असा झोत बाजूने लागला तर वाऱ्याकडचा पंख उचलला जातो. जुन्या काळी यावर साधा उपाय होता. विमानतळ म्हणजे पट्टी नव्हे, मैदान असे. वाऱ्याची पिशवी पाहून ज्या दिशेने वारा, त्या दिशेला तोंड करून उतरता येई. पुढे डांबरी धावपट्ट्या आल्या. कराडची धावपट्टीही १९५० च्या दशकात कोयना प्रकल्पाच्या निमित्ताने झाली. जड, आधुनिक विमानांना पट्टी आवश्यकच होती. पण जतन करून उडविले जाणारे जुने द्विपंखी विमान पट्टीवर उतरते तेव्हा त्याला आडवा वारा टाळता येत नाही. गवतात रुतून ब्रेकचे काम करणारा त्याचा टेकू डांबरावर घसरतो. गवताच्या मैदानासाठी घडलेल्या यंत्राला पट्टीवर आणून ते गरकन फिरले की वैमानिकाला दोष देणे, हा न्याय विचित्र म्हटला पाहिजे.

दोषाची जागा

'वैमानिकाची चूक' या संज्ञेला पहिला शास्त्रीय धक्का दुसऱ्या महायुद्धात बसला, तोही द्विपंखी विमानांमुळे नव्हे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ अल्फोन्स चॅपानिस यांना १९४३ मध्ये आढळले की, बी-१७ सारख्या विमानांचे वैमानिक सुखरूप उतरल्यावर फ्लॅप मिटण्याऐवजी चाकेच मिटून टाकतात आणि विमान पोटावर बसते. सी-४७ च्या वैमानिकांकडून असे होत नव्हते. दोन्हीकडे माणसे सारख्याच शिक्षणाची; फरक दांड्यांच्या रचनेत होता. बी-१७ मध्ये त्या दोन दांड्या शेजारी आणि एकसारख्या होत्या. चॅपानिस यांनी एका दांडीच्या टोकाला लहानसे रबरी चाक आणि दुसरीला पाचरीसारखा तुकडा बसविला. १९४७ मध्ये फिट्स आणि जोन्स यांनी अशा ४६० प्रसंगांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा शीर्षकातच वैमानिकाची चूक हे शब्द अवतरणचिन्हांत घातले. त्यांतील सुमारे निम्मे प्रसंग एका दांडीऐवजी दुसरी ओढल्याचे होते.

ग्राउंड लूपचा इतिहासही असाच आहे. सेस्ना कंपनीने शेपटी चाकाच्या आपल्या '१७०' विमानाला १९५० च्या दशकात नाकाखाली चाक देऊन '१७२' बनविले. गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे आला. तिरके झालेले विमान आपोआप सरळ होऊ लागले आणि पिढ्यान् पिढ्यांची 'चूक' बहुतांशी नाहीशी झाली. माणसे सुधारली नव्हती; चाक पुढे आले होते.

येथे कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचंपू गावी जन्मलेले डॉ. विष्णू माधव घाटगे यांचे उदाहरण लक्षणीय आहे. प्रांटल यांच्या हाताखाली गॉटिंगेनला शिकलेल्या घाटगे यांनी हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये एच.टी.-२ हे प्रशिक्षण विमान साकारले. १९५१ च्या ऑगस्टमध्ये ते प्रथम उडाले आणि त्याने टायगर मॉथ या द्विपंखी विमानाची जागा घेतली. तारा आणि दुसरा पंख गेला, पण शेपटाचे चाक घाटगे यांनी ठेवले. ते जुन्याचे अनुकरण नव्हते. तेव्हाच्या भारतीय हवाई दलात स्पिटफायर आणि टेम्पेस्ट ही शेपटी चाकाची लढाऊ विमाने होती. शिकणाऱ्याला पुढे जे चालवायचे होते त्याची अडचण आधीच भेटणे भाग होते. त्या विमानावर शिकणाऱ्यांचे जे अवतरण बिघडले असेल, त्यात हा हिशेबही मोजावा लागेल.

याचा अर्थ वैमानिक कधीच चुकत नाही, असा नाही. चूक यंत्रावर किंवा मैदानावर ढकलून मोकळे होणे हाही तितकाच आळशी निवाडा आहे. ज्या रॉस स्मिथने चटयांवरून विमी उडविली, तोच १३ एप्रिल १९२२ रोजी इंग्लंडमध्ये ब्रुकलंड्स येथे व्हिकर्स व्हायकिंग या जलस्थल विमानाची चाचणी घेताना, विमान गरगरत खाली येऊन, यंत्रज्ञ बेनेटसह ठार झाला. त्या प्रकारच्या विमानाचा त्याला सराव नव्हता आणि कित्येक दिवसांत त्याने उड्डाणही केले नव्हते. येथे निर्णय त्याचा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु हे म्हणण्यापूर्वीही त्याला त्या दिवशी ते विमान कोणी आणि का दिले, हे विचारावे लागते. कीथला पोहोचायला उशीर झाला होता, म्हणून तो त्या विमानात नव्हता. त्याने ते जमिनीवरून पाहिले.

२००५ च्या जुलैमध्ये स्टीव्ह फॉसेट आणि मार्क रेबहोल्झ यांनी विमीच्या हुबेहूब प्रतिकृतीतून अटलांटिक पुन्हा ओलांडला. विमानाची रचना तीच, समुद्र तोच, आणि मुक्कामही क्लिफ्डनजवळचाच होता. ते गोल्फच्या मैदानावर उतरले.